प्राचीन अवशेष: बांधणाऱ्यांनंतर त्यांचं काय काय झालं?

कातळवाचक

रोमच्या कलोसियमचा जवळून काढलेला कुठलाही फोटो उघडा आणि भिंतीचे चिरे नीट पाहा. दोन चिरे जिथे भिडतात तिथे ओबडधोबड भोकं दिसतील, शेकड्यांनी. इ. स. ८० मध्ये ही वास्तू खुली झाली तेव्हा ते चिरे लोखंडी आकड्यांनी एकमेकांत अडकवलेले होते. मध्ययुगात लोखंडाला भाव होता आणि कलोसियमला वाली नव्हता. लोकांनी सांधा शोधून छिन्नी चालवली आणि आकडे उपसून नेले. १३४९ च्या भूकंपात दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली, तेव्हा तो दगडही शहरातल्या वाड्यांमध्ये आणि चर्चांमध्ये जिरला.

अशा वास्तूंबद्दल वाचताना आपल्याला नेहमी दोनच गोष्टी सांगतात: कोणी बांधली आणि किती मोठी आहे. मधल्या हजार-दोन हजार वर्षांत तिचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. माझं म्हणणं असं की आज समोर जे उभं आहे ते बांधणाऱ्यांइतकंच नंतरच्यांचंही आहे. वापरणाऱ्यांचं, लुटणाऱ्यांचं, विसरणाऱ्यांचं, डागडुजी करणाऱ्यांचं. आणि हा नंतरचा इतिहास कळला की दगड पाहण्याची नजरच बदलते.

अथेन्सचं पार्थेनॉन घ्या. इ. स. पू. ४४७ ला काम सुरू, ४३२ पर्यंत शिल्पकामासकट पूर्ण. पुढे ते चर्च झालं, ऑटोमन काळात मशीद झालं आणि या सगळ्या काळात बऱ्यापैकी धडधाकट होतं! ते फुटलं २६ सप्टेंबर १६८७ ला. व्हेनिसच्या सैन्याने वेढा घातलेला, आतल्या तुर्कांनी पार्थेनॉनमध्ये दारूगोळा साठवलेला, आणि एक तोफगोळा नेमका तिथे पडला. छत उडालं, मधले खांब आडवे झाले. म्हणजे जे "प्राचीन भग्न मंदिर" आपण चित्रांत पाहतो, त्याचं भग्नपण शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सात वर्षांनी आलेलं आहे.

खरी हळहळ वाटते ती पुढच्या प्रकरणाने. १८९८ पासून १९३३ पर्यंत निकोलाओस बालानोस या अभियंत्याने पडलेले खांब पुन्हा उभे केले. त्यासाठी लोखंडी आकडे वापरले, पण उघडे. मूळ ग्रीक कारागीरही लोखंडच वापरत, मात्र त्याभोवती वितळलेलं शिसं ओतत, म्हणजे पाणी आत शिरत नसे आणि हादऱ्यात थोडी लवचीकताही राही. बालानोसचं लोखंड गंजलं, गंजून फुगलं आणि आतून संगमरवर तडकू लागला. २४०० वर्षं टिकलेला दगड दुरुस्तीने काही दशकांत फोडला. आताची मंडळी ते लोखंड एकेक करून काढून टायटॅनियम बसवतात, तुटलेल्या जागी त्याच पेंटेली डोंगरातला संगमरवर जोडतात.

आणि हे काम चाळीस वर्षं का चाललंय? तर पार्थेनॉनमध्ये सरळ रेषा जवळपास नाहीतच. चौथऱ्याची लांब बाजू मध्यभागी सुमारे ११ सेंटिमीटर उचललेली आहे, खांब आत झुकलेले आहेत आणि मध्ये किंचित फुगीर आहेत. त्यामुळे प्रत्येक दगडाची जागा ठरलेली. इथला तुकडा तिथे बसतच नाही.

याउलट रोमचं पॅन्थिऑन हे मंदिर. ६०९ साली त्याचं चर्च केलं आणि वापर कधी थांबलाच नाही. म्हणून ४३.३ मीटर व्यासाचा तो घुमट आजही शाबूत आहे. सळयांशिवायच्या काँक्रीटचा त्याहून मोठा घुमट जगात दुसरा नाही. वर जाताना त्यांनी काँक्रीटमधली खडी हलकी हलकी करत नेली आहे, अगदी वर तर सच्छिद्र ज्वालामुखी दगड.

तुम्हाला ठाऊक असलेल्या वास्तूंच्या अशा "नंतरच्या" गोष्टी इथे लिहा. वाद झाला तरी चालेल.

सावलीकाठी

धागा आवडला. कलोसियमची भोकं मी इतकी वर्षं युद्धातली समजत होते.

एक विचारायचं होतं. पिरॅमिडचा विषय निघाला की घरातली हुशार मुलंसुद्धा "माणसांना शक्यच नाही" असे व्हिडिओ दाखवतात. त्यांना ठोस असं काय सांगावं?

वाळूघड्याळ

सावलीकाठी, त्यांना मेरेरची रोजनिशी सांगा.

२०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठावर वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या पुरातत्त्वज्ञाच्या चमूला पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाचे, तुकडे सापडले. आजवर मिळालेले लिहिलेले पपायरस पाहता हे सर्वांत जुने. त्यात मेरेर नावाचा मुकादम आपल्या चाळीसेक माणसांच्या टोळीचा हिशेब लिहितो. नाईलच्या पलीकडे तुराच्या खाणीत आज दगड भरला, अमुक ठिकाणी मुक्काम केला, उद्या गिझाला उतरवला, पुन्हा रिकामी नाव घेऊन परत. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, त्या खुफू राजाच्या राजवटीच्या अखेरच्या काळातली ही नोंद. ज्या पांढऱ्या चुनखडीने पिरॅमिडची बाहेरची बाजू मढवली, तोच हा दगड. देखरेखीला राजाचा सावत्रभाऊ अंखहाफ होता, त्याचंही नाव त्यात येतं. साडेचार हजार वर्षांपूर्वीची, कामावरच्या माणसाने लिहिलेली हजेरी आणि मालवाहतूक. याहून ठोस पुरावा कुठल्या प्राचीन बांधकामाला मिळणार?

दुसरी गोष्ट दाहशूरची. खुफूचा बाप स्नेफेरू. त्याचा एक पिरॅमिड खालून सुमारे ५४ अंशांनी चढतो आणि अर्ध्यावर अचानक ४३ अंशांवर येतो. बांधता बांधता भार पेलेना, तडे जाऊ लागले, म्हणून उतार कमी करावा लागला. शेजारचा लाल पिरॅमिड मग पहिल्यापासूनच त्या कमी उतारावर बांधला. त्यानंतर गिझा. चुकत, सुधारत, पुढच्या पिढीला शिकवत गेलेली माणसं इथे स्पष्ट दिसतात.

खुफूच्या पिरॅमिडमध्ये राजाच्या दालनावरच्या बंद पोकळ्यांत टोळ्यांनी लाल रंगाने आपली नावं लिहून ठेवली आहेत. एका टोळीचं नाव "खुफूचे मित्र". आणि जवळच मजुरांची वसाहत सापडली, भट्ट्या सापडल्या, थडगी सापडली. तिथल्या सांगाड्यांमध्ये मोडून नीट जुळलेली हाडं आहेत. म्हणजे जखमींवर उपचार होत होते.

मुलांना सांगा, खुफूच्या पिरॅमिडमध्ये अंदाजे २३ लाख दगड आहेत आणि त्यामागे नाव घेऊन सांगता येतील अशी माणसं आहेत.

अर्धशिळा

वाळूघड्याळ यांच्या प्रतिसादाला जोडून. "त्यांना जमणं शक्यच नाही" हे वाक्य दिसतं तेवढं निरुपद्रवी नाही. ग्रेट झिम्बाब्वेचं उदाहरण पाहा.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं हे दगडी नगर, अकराव्या ते पंधराव्या शतकातलं. ग्रॅनाइटचे चपटे तुकडे चुना-माती काहीही न वापरता रचलेले. मोठ्या आवाराची भिंत जागोजागी ११ मीटर उंच आहे आणि घेर सुमारे २५० मीटर. शोना लोकांच्या पूर्वजांनी ती उभारली. पण १८७१ मध्ये कार्ल माउख तिथे पोचला आणि त्याने निष्कर्ष काढला की हे बायबलमधल्या शेबाच्या राणीचं काम असावं. पुढे फिनिशियन, अरब, जे सुचेल त्याचं नाव दिलं गेलं, फक्त तिथल्या लोकांचं नाही. १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकायव्हर आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून सांगितलं की हे स्थानिक आफ्रिकी लोकांचंच बांधकाम आहे. तरी ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या सरकारला ते मानवेना. काळे लोक असं काही बांधू शकत होते हे मान्य केलं तर त्यांच्यावर राज्य करण्याचं समर्थन कशाच्या जोरावर करणार? पीटर गार्लेक या पुरातत्त्वज्ञाला १९७० मध्ये त्यापायी देश सोडावा लागला.

१९८० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याने या अवशेषांचंच नाव घेतलं. तिथे सापडलेला शिळेचा पक्षी त्यांच्या झेंड्यावर आहे.

म्हणून मला परग्रहवासीयांचे व्हिडिओ पाहून राग येतो. श्रेय काढून घेण्याची ही सवय जुनी आहे, आणि ती बहुतेक वेळा युरोपबाहेरच्या वास्तूंच्याच वाट्याला येते. पार्थेनॉन परग्रहवासीयांनी बांधलं असं कोणी म्हणताना ऐकलंय?

सावलीकाठी

हे अजिबात माहीत नव्हतं. दोघांचेही आभार. मेरेरची गोष्ट आजच सांगते.

तिसरा_मजला

मी जरा वेगळ्या बाजूने बोलतो. डागडुजीवर टीका करणं सोपं आहे, पण ग्रीसच्या क्रीट बेटावरचं क्नोसॉस पाहिलेला माणूस ते विसरत नाही, आणि ते आर्थर एव्हान्समुळे. १९०० मध्ये त्याने खोदायला घेतलं. मूळचे लाकडी खांब जळून-कुजून गेले होते, वरचे मजले खाली येऊ पाहत होते. त्याने १९२० च्या दशकात सळयांचं काँक्रीट ओतून जिने, मजले, खाली निमुळते होणारे लाल खांब उभे केले. सामान्य माणसाला गुडघाभर भिंतींच्या चौकटी पाहून राजवाडा दिसत नाही. त्याला जिना दिसला, उजेडासाठी ठेवलेला चौक दिसला, की तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे बहुमजली इमारत होती हे पटतं. नुसते तज्ज्ञांना वाचता येतील असे अवशेष ठेवून काय करायचं?

कातळवाचक

तिसरा_मजला, जिन्यापुरतं मी तुमच्याशी सहमत आहे. तिथे आधार दिला नसता तर वरचं सगळं खाली आलं असतं. पण एव्हान्स आधारावर थांबला नाही. भित्तिचित्रांचं पाहा. "लिलींचा राजपुत्र" म्हणून जे चित्र सगळीकडे छापतात ते मोजक्या तुकड्यांवरून पूर्ण केलेलं आहे, आणि ते तुकडे एकाच आकृतीचे नसावेत असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. पाहणाऱ्याला मूळ तुकडा कुठे संपतो आणि विसाव्या शतकातला रंग कुठे सुरू होतो हे कळायला हवं. तेवढी एक अट पाळली तर मला पुनर्बांधणीचं वावडं नाही. शिवाय एव्हान्सचं काँक्रीट आता स्वतःच खराब झालंय आणि त्याचीही डागडुजी चालते.

रानवाटेवर

मग कंबोडियातल्या बाफुऑनचं काय म्हणाल? माझ्या मते जगातल्या सगळ्या जीर्णोद्धारांत याच्यासारखी हकीकत नाही.

अंगकोर परिसरातलं अकराव्या शतकातलं प्रचंड मंदिर, वाळूच्या भरावावर उभं, म्हणून कायम ढासळणारं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९६० च्या दशकात ठरवलं की ते पूर्ण सोडवायचं, आतला भराव पक्का करायचा आणि पुन्हा रचायचं. सुमारे तीन लाख दगड उतरवून आजूबाजूच्या रानात ओळीने मांडले, प्रत्येकाची जागा कागदावर टिपली. मग यादवी पेटली, काम थांबलं. १९७५ मध्ये कम्युनिस्ट ख्मेर रूज सत्तेवर आले आणि त्या उलथापालथीत सगळी कागदपत्रं नष्ट झाली. रानात तीन लाख दगड, आणि कुठला कुठे बसतो ते सांगणारं काही उरलं नाही.

१९९५ मध्ये पुन्हा सुरुवात झाली. जुने फोटो, दगडांवरचं कोरीवकाम, कडांची मापं आणि पूर्वी तिथे राबलेल्या कामगारांची आठवण, एवढ्या भांडवलावर २०११ मध्ये मंदिर उभं राहिलं. इथेही चुना वापरलेला नाही, त्यामुळे प्रत्येक दगड त्याच्याच जागी बसावा लागतो.

तिथून जवळच ता प्रोह्म आहे, जयवर्मन सातव्याचं, ११८६ चं. तिथे मुद्दाम उलट धोरण ठेवलं: झाडं तशीच राहू द्यायची. भिंतींवरून उतरलेली ती अजस्र मुळं जगभर प्रसिद्ध आहेत. पण फोटोत दिसत नाही ते असं की तिथे सतत काम चालू असतं. झाड म्हातारं होऊन पडलं तर भिंत घेऊनच पडतं, आणि काढून टाकलं तर मुळांनी आवळून धरलेले दगड सुटतात. आपलं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण कंबोडियाच्या संस्थेबरोबर तिथे बरीच वर्षं राबतंय. "निसर्गाच्या हवाली" दिसणारी जागा तशी दिसत राहावी म्हणून माणसांना रोज खपावं लागतं.

पागोळी

मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी पाणी कुठून जातं इकडे. उघड्यावरच्या दगडी वास्तूचा मोठा शत्रू पाणीच.

पेरूमधलं माचू पिच्चू डोंगराच्या खोगीरावर आहे, पाऊस वर्षाला २००० मिलीमीटरच्या आसपास, भूकंपाचा प्रदेश, पायाखाली भेगाळलेला ग्रॅनाइट. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बांधलेलं हे गाव शंभरेक वर्षांत ओस पडलं, नंतर चारशे वर्षं त्याची देखभाल नाही, तरी ते दरीत गेलं नाही. कारण जमिनीखाली आहे. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत वर सुपीक माती, तिच्याखाली वाळू-खडी, तळाला दगडगोटे आणि फोडलेल्या चिऱ्यांची भर. पाणी वरून वाहत नाही, झिरपत जातं. गावाच्या मध्यावरची मोकळी हिरवळसुद्धा अशीच दगडांच्या भरावावर आहे. काही अभियंत्यांच्या अंदाजानुसार तिथल्या एकूण बांधकामाचा अर्ध्याहून जास्त भाग जमिनीखाली आहे! १९११ मध्ये हायरम बिंगहॅम तिथे "शोध" लावायला पोचला तेव्हा काही शेतकरी कुटुंबं त्या पायऱ्यांवर पिकं घेत होती. इंका कारागिरांचा निचरा त्या दिवशीही चालू होता.

जॉर्डनमधलं पेट्राही तसंच. सगळे त्या कोरलेल्या दर्शनी भागाचे फोटो काढतात. पण नाबातियन लोकांनी अरुंद घळीच्या तोंडाशी बांध घालून आणि कातळात बोगदा खोदून पुराचं पाणी दुसरीकडे वळवलं नसतं, तर घळीतून शहरात जाता आलंच नसतं. घळीच्या दोन्ही भिंतींत कंबरेच्या आसपास पाण्याचे पाट दिसतात, एका बाजूला मातीचे नळ होते. पुढे हे बांध निकामी झाले आणि घळीत पूर येऊ लागले. विसाव्या शतकात पुरात माणसं वाहून गेली, तेव्हा पुन्हा जवळपास त्याच जागी बांध घालावा लागला.

अर्धशिळा

पागोळी, पेट्राच्या त्या दर्शनी भागाबद्दल एक भर: तो वरून खाली कोरत आणलाय. वेरूळचं कैलास आणि इथिओपियातल्या लालिबेलाची चर्चही वरून खाली. तीन वेगळे समाज, तीन वेगळे काळ. कातळ कोरायचा तर परांचीशिवाय वरून उतरत येणं सोयीचं, आणि खाली पडणारा राडारोडा झालेल्या कामावर येत नाही. कोणी कोणाकडून शिकायची गरजच नव्हती.

सावलीकाठी

पोंपेईबद्दल कोणी लिहिणार का? मला ते प्लास्टरचे देह पाहवत नाहीत, आणि नजरही हटत नाही.

वाळूघड्याळ

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत या रोमन शहरातली माणसं गाडली गेली, देह कुजून गेले आणि घट्ट झालेल्या राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या. १८६३ मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी अशा पोकळीत प्लास्टर ओतायची पद्धत बसवली. कपड्यांच्या चुण्यासुद्धा उमटल्या.

पण "नंतरच्यांचा हात" इथेही आहेच. सोन्याच्या कंकणाच्या घरात चार देह सापडले. हातात कंकण आणि जवळ मूल, म्हणून त्या प्रौढ व्यक्तीला सर्वांनी आई ठरवलं. पिढ्यान्‌पिढ्या ती गोष्ट सांगितली गेली. २०२४ मध्ये डीएनए तपासला तर ती व्यक्ती पुरुष निघाली, आणि त्या मुलाशी तिचं रक्ताचं नातंही नव्हतं. कंकण पाहून बाई, मूल पाहून आई, हे सगळं आपण आपल्या डोक्यातून तिथे नेलं. मला तर खरी हकीकत जास्त भिडते. त्या क्षणी परक्याचं मूल जवळ असलेला तो कोण असेल?

शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खोदलेला नाही. बरंच आहे ते. पुढच्यांकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील.

तिसरा_मजला

कातळवाचक, पार्थेनॉनवर एवढं लिहिलंत आणि ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनला सोडलंत? १८०१ पासून त्याच्या माणसांनी शिल्पं कापून काढली, १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ती विकत घेतली आणि तेव्हापासून ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुरक्षित राहिली, हा युक्तिवाद मी ऐकून आहे. पण आता अथेन्समध्ये २००९ पासून ॲक्रोपोलिसच्या, म्हणजे पार्थेनॉनच्या टेकडीच्या, पायथ्याशी त्यांच्यासाठीच बांधलेलं संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावर चित्रपट्टीचा मूळ क्रम मांडलाय आणि लंडनला असलेल्या भागांच्या जागी पांढऱ्या प्रतिकृती लावल्यात. परत द्यायला हवीत, माझं मत पक्कं आहे.

कातळवाचक

माझंही. एकाच मूर्तीचा एक तुकडा एका देशात आणि दुसरा तुकडा दुसऱ्या देशात ठेवण्याचं समर्थन मला तरी करता येत नाही.

पागोळी

जाता जाता प्रश्न. माझा इंडोनेशियातल्या बोरोबुदूरला जायचा बेत पक्का झालाय. या धाग्याच्या नजरेने तिथे काय पाहू?

कातळवाचक

पागोळी, तुमच्याइतकी योग्य व्यक्ती तिथे जायला मिळणार नाही, कारण बोरोबुदूरची सगळी कथाच पाण्याची आहे. नवव्या शतकातला हा स्तूप म्हणजे मातीच्या टेकडीवर चढवलेला दगडी अंगरखा. पावसाचं पाणी आत मुरायचं, माती फुगायची, भिंती बाहेर झुकायच्या. थेओडोर व्हान एर्प यांनी १९०७ ते १९११ मध्ये वरचे स्तूप सावरले, पण झिरपण्यावर इलाज झाला नाही. मग १९७० च्या दशकात युनेस्कोच्या मदतीने खालचे चौकोनी मजले दगड दगड करून उतरवले, आत काँक्रीटचा पाया आणि निचऱ्याची व्यवस्था घातली आणि सगळं परत रचलं. १९८३ मध्ये काम पूर्ण झालं. तेव्हा भिंतींच्या रेषा पाहताना त्यामागचे नळ आणि थर डोळ्यांसमोर आणा.

दुसरं, आग्नेय कोपऱ्यात जा. तळाचा रुंद चौथरा नंतर जोडलेला आहे आणि त्याच्यामागे १६० शिल्पपट झाकले गेलेत. कर्म आणि त्याचं फळ हा त्यांचा विषय. १८८५ मध्ये ते लक्षात आले, दगड हलवून कासियान चेफास यांनी एकेकाचा फोटो घेतला आणि चौथरा पुन्हा होता तसा रचला. आज फक्त आग्नेय कोपऱ्यात थोडा भाग उघडा आहे, तेवढाच मूळ जागी पाहता येतो. काही पट अर्धवट कोरलेले आहेत. भार पेलेना म्हणून बाहेरून टेकू दिला की आणखी काही कारण होतं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अभियंता म्हणून तुमचं मत काय होतं ते परत आल्यावर इथे नक्की लिहा.

आणि भिंतींवर एखाद्या साध्या, कोरीवकाम नसलेल्या दगडावर शिशाचा छोटा ठिपका दिसला तर थांबा. तो नंतर बसवलेला दगड.

पागोळी

नोंद करून ठेवली. आग्नेय कोपऱ्याचे फोटो आणि मापं इथेच टाकते.